मापांना माणसांची नावं



ही व्याख्यानमाला एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, म्हणून आजचा विषय मी प्रयोगशाळेतूनच उचलला आहे. दुकानात आपण ‘नऊ वॅटचा बल्ब द्या’ म्हणतो. गीझर बसवायला आलेला वायरमन ‘पंधरा अँपिअरचा पॉइंट लागेल’ म्हणतो. उन्हाळ्यात पंखा संथ झाला की ‘व्होल्टेज नाही आज’ ही तक्रार घरोघरी होते. एमआरआयच्या जाहिरातीवर ‘१.५ टेस्ला’ लिहिलेलं असतं. लाइट बिलात नुसतं ‘युनिट’ छापतात, पण त्या युनिटच्या पोटात एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल असतात. वॅट, अँपिअर, व्होल्टा, टेस्ला, ज्यूल ही सगळी हाडामांसाची माणसं होती. त्यांची नावं आपल्या तोंडी कशी आली, हे आज सांगायचं आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. शास्त्रज्ञांचा गौरव करावा म्हणून ही प्रथा सुरू झाली, असा आपला समज असतो. कागदपत्रं वेगळं सांगतात. माप ठरवण्याची निकड आधी आली, तीही व्यवहारातून आणि मोठं नुकसान सोसल्यावर. नावं आली ती देशादेशांत एकमत व्हावं म्हणून. गौरव त्यातून घडत गेला, आणि म्हणूनच तो इतका टिकला.

ही निकड समुद्राच्या तळाशी निर्माण झाली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकखालून पहिली तार पडली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. तार कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. संदेश क्षीण येतोय, तर विजेचा दाब वाढवा, असं त्यांचं मत. त्यांनी मोठमोठी प्रवर्तन-वेटोळी लावून तारेवर दाब चढवला, तारेचं आधीच कमकुवत झालेलं आवरण तो सोसू शकलं नाही, आणि काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली. तो दाब दोन हजार व्होल्टच्या घरात होता, असं आपण आज म्हणतो. त्या दिवशी मात्र हे वाक्य कुणालाच उच्चारता आलं नसतं, कारण व्होल्ट अस्तित्वातच नव्हता. किती दाब दिला, तारेला किती झेपला असता, या प्रश्नांची उत्तरं आकड्यात देता येतील असं मापच जगात नव्हतं.

पाठोपाठ तांबड्या समुद्रातली तारही गेली. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानची खबर तातडीनं हवी होती. म्हणून सरकारी हमीवर सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकली गेली, आणि १८६० मध्ये तीही निकामी ठरली. मग चौकशी समिती बसली. तिच्यासमोर आलेला हिशेब असा होता: तोवर जगभर सुमारे अकरा हजार मैल समुद्री तार टाकली गेली होती आणि त्यातली जेमतेम तीन हजार मैल चालू होती.

तारेचा विजेला होणारा रोध तेव्हा मोजत नव्हते असं नाही. पण इंग्लंडात तो ठरावीक जाडीच्या तांब्याच्या तारेच्या मैलात सांगत, फ्रान्समध्ये लोखंडी तारेच्या किलोमीटरात आणि जर्मनीत जर्मन मैलात. आपल्याकडे शेर गावोगाव वेगळा असे, तसाच हा प्रकार. एका कारखान्यातलं तांबं दुसऱ्या कारखान्यातल्या तांब्याइतकं शुद्ध नसे, त्यामुळे एकाच देशातले दोन ‘मैल’सुद्धा जुळत नसत. १८४८ मध्ये याकोबी या शास्त्रज्ञांनी तांब्याच्या एकाच तारेच्या नकला करून युरोपातल्या शास्त्रज्ञांना पाठवून पाहिल्या. १८६० मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हे माप सुचवलं. त्यात शुद्धतेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटत होता. पण ते सीमेन्सचं माप होतं, आणि इंग्लंड ते मानायला तयार नव्हतं.

१८६१ मध्ये मँचेस्टरला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचं अधिवेशन भरलं. तिथे लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तार-अभियंत्यांनी एक निबंध सादर केला. हे ब्राइट म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या अटलांटिक तारेचेच मुख्य अभियंते. दोघांची मागणी साधी होती: विजेच्या प्रत्येक राशीला एकेक माप ठरवा आणि तारायंत्राच्या कारकुनालाही सहज उच्चारता येईल असं सुटसुटीत नाव त्याला द्या. नावंही त्यांनीच सुचवली: ओहमा, फॅरड, गॅल्व्हॅट, व्होल्ट. गंमत अशी की दाबाला त्यांनी ‘ओहमा’ म्हटलं होतं आणि रोधाला ‘व्होल्ट’, म्हणजे आजच्या नेमकं उलट. कोणत्या शास्त्रज्ञाचं कोणत्या राशीशी नातं, याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. त्यांना लेबलं हवी होती. फॅरेडे तेव्हा हयात होते, सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

त्याच अधिवेशनात विल्यम थॉमसन यांच्या सूचनेवरून मापांसाठी समिती नेमली गेली. पुढे तिच्यात मॅक्सवेल, ज्यूल, व्हीटस्टोन, सीमेन्स बंधूंपैकी विल्यम अशी माणसं काम करू लागली. एखाद्या धातूच्या तुकड्यावरून माप ठरवायचं नाही, लांबी, वस्तुमान आणि काळ यांच्यावरूनच ते बांधून काढायचं, असा त्यांचा आग्रह होता. हा विचार जर्मनीतल्या गाउस आणि वेबर यांचा. समितीनं प्रत्यक्ष प्रयोग करून रोधाचं माप ठरवलं आणि १८६५ पासून त्याची प्रमाण वेटोळी देशोदेशी रवाना केली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंत त्यानं तार टाकली, तोवर तारेचा रोध या मापात मोजणं रूढ झालं होतं. मुंबईचा बाजारभाव लंडनला काही तासांत पोहोचू लागला, तो या मापाच्या भरवशावर.

आता ज्यांचं नाव या मापाला मिळालं त्या गेओर्ग ओहम यांच्यापाशी जरा थांबू या. एर्लांगेनच्या एका कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. कोलोनच्या शाळेत गणित-भौतिकी शिकवत असे आणि शाळेची उपकरणं वापरून प्रयोग करत असे. तारेची लांबी वाढवली की प्रवाह किती घटतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. १८२५ मध्ये व्होल्टाच्या घटावर प्रयोग करून त्यानं जो नियम छापला तो चुकीचा निघाला. घट जोडल्याबरोबर प्रवाह उसळे आणि लगेच उतरे, मोजायचं तरी काय? मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की घट सोडा, उष्णतेवर चालणारा विद्युत-उगम वापरा. ओहमनं बिस्मथ आणि तांब्याची जोडणी केली. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात ठेवलं, दुसरं बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही टोकांचं तापमान हलत नाही, म्हणून दाबही हलत नाही. मग एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. चुंबकसुई सोन्याच्या चपट्या तारेला टांगली. एकेक तांब्याची तार जोडायची आणि सुई मूळ जागी आणायला वरची सोन्याची तार किती पिळावी लागते ते वाचायचं. त्या पिळाच्या आकड्यांमधून आज नववी-दहावीच्या मुलाला पाठ असलेला नियम बाहेर आला.

हे सारं तपशिलात सांगण्याचं कारण आहे. ओहमच्या या कामाला प्रतिभेची झेप म्हणायला अनेकांना जड जाईल. मला मात्र ती मोठीच प्रतिभा वाटते: स्थिर उगम शोधणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, आकडे आपल्या विरुद्ध गेले की आधीचं छापील म्हणणं सोडून देणं. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि बर्लिनमध्ये त्याचं स्वागत थंड झालं. विद्यापीठातल्या जागेची आशा मावळली. काही वर्षं लष्करी शाळेत आठवड्याला मोजके तास गणित शिकवून त्यानं दिवस काढले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं तेव्हा त्याच्याच देशातल्या लोकांनी वळून पाहिलं. म्युनिकमधलं मनाजोगतं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, आणि दोनच वर्षांत तो गेला. आपल्या नावाचं माप त्यानं पाहिलं नाही.

नावांवर जगाची मोहोर उमटली ती १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत परिषदेत. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातल्या युद्धाला दहाच वर्षं झाली होती. इंग्रज आपली व्यवस्था घेऊन आले होते, जर्मन सीमेन्सचा पारा घेऊन. तोडगा असा निघाला: सिद्धांत इंग्रजांचा, पण तो साकार करायचा पाऱ्याच्या स्तंभानं. नावं पाच ठरली: ओहम, व्होल्ट, अँपिअर, कूलोम, फॅरड. एक जर्मन, एक इटालियन, दोन फ्रेंच, एक इंग्रज. यजमान देशाच्या वाट्याला दोन नावं आली हे मला निव्वळ योगायोगाचं वाटत नाही.

या यादीत एक नाव खटकावं इतकं गैरहजर आहे: विल्हेल्म वेबर. विद्युतप्रवाह निरपेक्ष मापात मोजायला जगाला त्यांनीच शिकवलं. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजानं राज्यघटना रद्द केली तेव्हा निषेध करणाऱ्या गटिंगेनच्या सात प्राध्यापकांपैकी ते एक, त्यापायी नोकरी गमावलेले. १८५६ मध्ये त्यांनी आणि कोलराउश यांनी विजेच्या दोन मापपद्धतींमधलं गुणोत्तर प्रयोगानं काढलं. ते निघालं सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाशी असलेली त्याची जवळीक मॅक्सवेल यांनी हेरली, आणि प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे या निष्कर्षाकडे ते गेले. माप काटेकोर करण्याच्या खटपटीतून एवढं मोठं सत्य हाती लागलं, याहून मापनाची थोरवी ती काय सांगायची?

परिषदेच्या आधी इंग्लंडात प्रवाहाच्या मापाला ‘वेबर’च म्हणत. पण जर्मनीत स्वतः वेबर यांनी वापरलेलं माप त्याच्या दहाव्या हिश्शाचं होतं. एकच नाव आणि दोन मापं, म्हणजे गोंधळाला आमंत्रण. ही अडचण परिषदेत मांडली ती जर्मनीच्याच हेल्महोल्ट्झ यांनी. परिणामी वेबर गेले आणि अँपिअर आले. वेबर तेव्हा गटिंगेनमध्ये हयात होते. मापाच्या स्पष्टतेसाठी त्यांच्याच देशबांधवानं त्यांचं नाव सोडलं, याचं मला कौतुक वाटतं. पुढे १९३५ मध्ये चुंबकीय प्रवाहाच्या एककाला ‘वेबर’ नाव देऊन ही बाकी फेडली गेली.

बाकीची नावं मागोमाग आली. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी वॅट आणि ज्यूल सुचवले आणि १८८९ मध्ये ते मान्य झाले. ज्यूल सॅलफर्डचे मद्यनिर्मितीच्या घराण्यातले गृहस्थ, वॅट ग्लासगोत उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत अमेरिकेच्या जोसेफ हेन्रींना जागा मिळाली. न्यूटन १९४८ मध्ये, टेस्ला १९६० मध्ये, पास्कल आणि सीमेन्स १९७१ मध्ये. सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर पाणी शून्य अंशाला उकळत असे आणि शंभराला गोठत असे. ती उलटी केली ती त्यांच्या मृत्यूनंतर. केल्व्हिन म्हणजे आपले वरचे विल्यम थॉमसनच. उमराव झाल्यावर ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव त्यांनी घेतलं.

मिळालेलं नाव जातंही. अर्स्टेड यांनी १८२० मध्ये विजेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं नसतं तर यातलं काहीच घडलं नसतं. १९३० मध्ये त्यांचं नाव एका एककाला मिळालं, पण ते जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम पद्धतीचं. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला स्थान नाही. गाउस आणि मॅक्सवेल यांचंही तेच झालं. मॅक्सवेलसारख्या माणसाचं नाव यादीत नसावं, ही मला या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

क्यूरीचं प्रकरण मनाला अधिक लागतं. १९१० मध्ये ब्रसेल्सला किरणोत्साराचं माप ठरलं, तेव्हा चार वर्षांपूर्वी पॅरिसच्या रस्त्यात गाडीखाली गेलेल्या पिएर यांचं नाव त्याला द्यायचं ठरलं. पिएरचं नाव नगण्य प्रमाणाला नको, असा मेरी यांचा आग्रह होता. म्हणून एक ग्रॅम रेडियमशी निगडित असं भरभक्कम माप ठरलं; पुढे ते सेकंदाला ३७ अब्ज विघटनं असं पक्कं झालं. पुढे लोक या नावात दोघांनाही पाहू लागले. १९७५ मध्ये ‘बेकरेल’ आलं, सेकंदाला एक विघटन, आणि क्यूरी अधिकृत पद्धतीबाहेर गेलं. आज आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकोणीस माणसांची नावं आहेत. त्यांत सहा ब्रिटिश, चार फ्रेंच, चार जर्मन, दोन स्वीडिश, एक इटालियन आणि अमेरिकेतले दोघं, हेन्री आणि मूळचे बाल्कन भागातले टेस्ला. एकही स्त्री नाही. आशियातला कुणी नाही, अर्थातच भारतीयही नाही.

याबद्दल व्याख्यानांनंतर अनेकदा प्रश्न येतो, की रामन किंवा बोस यांच्या नावाचं एकक का नाही? मला यात कुणाचा कट दिसत नाही. मापं ठरली ती तारायंत्राच्या आणि वीजनिर्मितीच्या काळात, ज्यांच्या हाती तो उद्योग होता त्यांनी ती ठरवली, आणि आपण त्या टेबलाशी नव्हतो. मापांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मीटर करारात भारत १९५७ मध्ये सामील झाला. सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव विश्वातल्या कणांच्या दोन जातींपैकी एका जातीला, बोसॉनना, मिळालं आहे. चंद्रशेखर यांचं नाव ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेला आहे. हे कमी नाही. पण स्त्रियांच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. क्यूरी हे एकमेव शक्यता असलेलं नाव हातचं सोडलं गेलं, आणि ते चूक झालं असं मी स्पष्ट म्हणतो.

एक एकक आपल्या दाराशी रोज वापरलं जातं, तरी फार थोड्यांना ठाऊक आहे. नारायणगावजवळ खोडद इथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आकाशातल्या रेडिओ स्रोताची तीव्रता तिथे ‘जान्स्की’त मोजतात. कार्ल जान्स्की हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले तरुण अभियंते. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. न्यू जर्सीत होल्मडेलच्या शेतात त्यांनी फोर्ड गाडीच्या चार चाकांवर फिरणारा लांबलचक अँटेना उभारला. जवळच्या वादळांची खरखर ओळखू आली, दूरच्या वादळांचीही. उरली एक मंद, सततची खसखस. ती रोज चार मिनिटं लवकर येई. सूर्याशी बांधलेली असती तर चोवीस तासांनी आली असती. तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा दिवस ताऱ्यांचा असतो. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आवाज आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेनं येतो आहे. टेलिफोनच्या धंद्याला याहून जास्त नको होतं. जान्स्कींना दुसऱ्या कामाला लावलं गेलं. १९५० मध्ये, ४४ व्या वर्षी, ते वारले. १९७३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एककाला त्यांचं नाव दिलं. दर चौरस मीटरला दर हर्ट्झला इतके वॅट, असं ते माप आहे, आणि तो आकडा दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं आणि मग एक असा लिहावा लागतो. खोडदला मिलिजान्स्की आणि मायक्रोजान्स्कीत बोलतात. एका वाक्यात तिथे हर्ट्झ, वॅट आणि जान्स्की एकत्र येतात.

शेवटी एक मुद्दा. नाव तेच राहतं आणि त्याच्याखालचं माप बदलत जातं. १८९३ मध्ये अँपिअर म्हणजे सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदीचा थर बसवणारा प्रवाह होता. १९४८ पासून तो दोन समांतर तारांमधल्या बलावरून ठरू लागला, आणि हा तर अँपिअर यांचा १८२० मधला स्वतःचाच प्रयोग. २० मे २०१९ पासून तो इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून ठरतो. अँपिअर यांच्या काळी इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक नव्हता. चांदी गेली, तारा गेल्या, नाव राहिलं, कारण कारखान्यात, दुकानात, शाळेत ते रोज लागतं.

समोर बरेच शिक्षक बसले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. ओहमचा नियम शिकवताना सूत्र फळ्यावर शेवटी लिहा. आधी मुलांच्या हातात एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा, एक घट आणि एक अँपिअरमापी द्या, आणि तक्ता त्यांना स्वतः भरू द्या. आकडे जुळले नाहीत तर ते तसेच लिहायला सांगा आणि का जुळले नाहीत ते त्यांनाच शोधू द्या. ओहमचंही पहिल्या खेपेला जुळलं नव्हतं, हेही त्यांना सांगा. त्यासाठी एक तास जास्त गेला तर जाऊ द्या.